पांढऱ्या गुलाबांचा गुलाबी रंग

पडद्यावर दिसतंय ते व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं 'गुलाब' हे चित्र. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मे 1890 मध्ये, सें-रेमीच्या मनोरुग्णालयातून निघण्याआधी, त्याने फुलांची चार मोठी चित्रं केली. दोन आयरिसची, दोन गुलाबांची. रंग इतका जाड की निघताना ती ओलीच होती. वाळायला मागे ठेवावी लागली.

हिरवट पार्श्वभूमी, पांढरी फुलं. आपण लगेच म्हणतो, काय शांतता आहे! दोनच महिन्यांनी तो गेला, हे आठवतं आणि त्या पांढऱ्या रंगात आपल्याला निरोपही दिसू लागतो.

पण ही फुलं गुलाबी होती. पत्रांत त्याने तसं स्पष्ट लिहिलंय. इओसिनपासून बनवलेला तांबडा रंग त्याने पांढऱ्यात मिसळला होता आणि तो रंग उजेडात उडतो. म्हणजे ज्या शांततेचं श्रेय आपण त्याला देतो, ती बरीचशी उजेडाची करणी आहे.

मग त्याचं स्वतःचं काय? त्याची रीत पाहा. पाकळीन् पाकळी हुबेहूब उतरवणं त्याला नकोच होतं. गुलाबीशेजारी हिरवा ठेवला की दोन्ही रंग पेटतात, त्या झुंजीवर त्याने चित्र उभं केलं. आज झुंजीतला एक गडी जवळपास नाहीसा झालाय. उरलेत ते कुंचल्याचे फटकारे: फुलात गोल वळणारे, मागे तिरके धावणारे. ते मात्र अजिबात शांत नाहीत.

कुणी म्हणेल, समोर आहे ते चित्र आवडलं तर बिघडलं काय? काहीच नाही. जरूर आवडावं. फक्त उडालेल्या रंगावरून चित्रकाराचं मन वाचू नये, एवढंच आमचं म्हणणं. नवा गुलाबी रंग वर चढवावा, असंही आम्ही म्हणणार नाही. तो त्याचा हात नसेल. हे रंग टिकत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. म्हणून ते आणखी भडक वापरावेत, काळ त्यांना मवाळ करेलच, असं त्याने 1888 मध्येच भावाला कळवलं होतं.

2015 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ही चारही चित्रं एकत्र मांडली. तिथल्या उभ्या 'गुलाब'मध्ये टेबलाच्या कडेला गुलाबी छटा अजून थोडी तग धरून आहे. चित्र वाचायला सुरुवात तिथून करावी.