संत लाजराच्या मूर्तीपुढे

विम वेंडर्स यांच्या ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ (१९९९) या अनुबोधपटात हवानाचे इब्राहिम फेरेर भेटतात. गाणे सुटल्यावर बूट पुसून पोट भरणारा हा गायक १९९६ साली, एकोणसत्तराव्या वर्षी, पुन्हा ध्वनिमुद्रणास उभा राहिला. घरातील संत लाजराच्या मूर्तीविषयी ते बोलतात, ते दृश्य आम्हांस सर्वांत मोलाचे वाटले. मात्र या वृद्धांना हुडकून काढले क्यूबाच्याच हुआन दे मार्कोस गोन्सालेस यांनी. अग्रस्थान मिळते ते अमेरिकेच्या राय कूडर यांना. हे खटकते. गोमंतकाच्या लॉर्ना दीर्घ मौनानंतर १९९५ मध्ये ‘हॅलो लॉर्ना’ घेऊन परतल्या, त्या रॉनी मोन्सेरात या स्वकीय संगीतकाराच्या आग्रहाने. दंडार गाणारे वृद्ध आमच्या दरेकसा परिसरातही आहेत. त्यांच्या दारी प्रथम कोण जाणार?