शेकाट्याचं पांढरं पोट

शेकाट्याची पाठ काळी आणि पोट पांढरं असतं, हे उजनी जलाशयाच्या काठावर एकदा दुर्बीण लावलेल्या कुणालाही सांगायला नको. तरीही अलीकडे स्पर्धांच्या निकालांत, कॅलेंडरांत आणि प्रदर्शनांच्या भिंतींवर एक निराळाच शेकाट्या वरचेवर भेटू लागला आहे. फोटो उघडच बांधावरून, खाली बघत काढलेला असतो. पाठीचा काळा भाग पुरता दिसतो, आणि पाण्यातल्या प्रतिबिंबातही तीच पाठ, तितकीच काळी, तितकीच रुंद, पिसान् पीस उलटं करून बसवलेली. लांब गुलाबी पाय पाण्यात शिरतात तिथे एक सरळ रेघ, आणि रेघेच्या वर एक नि खाली एक असा पत्त्यांतल्या गुलामासारखा जोडपक्षी. याला ‘क्रिएटिव्ह एडिटिंग’ म्हणतात आणि त्याला शाबासकीही मिळते. हा फोटो खोटा आहे एवढीच माझी तक्रार असती तर लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. कलेत खोट्याच्या पायावर पुष्कळ चांगलं काही उभं राहिलेलं आहे. माझी तक्रार अशी की या चित्रात पाणीच नाही.

प्रतिबिंब म्हणजे पक्ष्याची नक्कल, या समजुतीत सगळी गफलत आहे. कॅमेरा पाण्याच्या पातळीपासून जेवढा वर असतो तेवढ्याच खोलीवर, पाण्याखाली, दुसरा कॅमेरा वर तोंड करून ठेवला आहे असं धरा. त्याला जे दिसेल ते प्रतिबिंबात दिसतं. म्हणून बांधावरून पाठ दिसत असली तर पाण्यात पोट दिसतं, चोचीची खालची कड दिसते, उडत्या पक्ष्याच्या पंखांचं अस्तर दिसतं. पार्श्वभूमीही बदलते. वरचा पक्षी खारफुटीच्या गर्दीत हरवलेला असतो तेव्हा पाण्यातला त्याचा सोबती बऱ्याचदा मोकळ्या आभाळावर स्वच्छ उमटलेला असतो, कारण खालून पाहणाऱ्या डोळ्याला त्याच्यामागे जास्त उंचीवरचं दृश्य येतं. उजेडाचा हिशेबही वेगळा आहे. पाण्यावर सरळ वरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम 2 टक्के परावर्तित होतो. पृष्ठभागाशी 20 अंशांच्या कोनात पाहिलं तर साधारण 13 टक्के, आणि 5 अंशांवर आलं की निम्म्याहून अधिक. चिखलात पोटावर पडून फोटो काढणाऱ्याला ठसठशीत प्रतिबिंब मिळतं आणि पुलावरून काढणाऱ्याला फिकट, ते याचमुळे. अगदी पाण्याच्या पातळीवरून पाहिलं तर वरचा पक्षी आणि खालचा पक्षी जवळजवळ सारखे दिसतात हे खरं, आणि उलटवलेली नक्कल तिथे खपूनही जाते. पण बांधावरून काढलेल्या फोटोत प्रतिबिंब पक्ष्याइतकंच उजळ आणि वर पाठ तशीच खालीही पाठ, म्हणजे ते पाण्याने दिलेलं नाही. एकाच क्षणी, एकाच जागी उभ्या असलेल्या पक्ष्याकडे पाहण्याची दुसरी जागा पाणी आपल्याला फुकट देत असतं. नक्कल चिकटवणारा ती नाकारून पहिलीच जागा दोनदा वापरतो.

तंत्र म्हणून यात फार काही नाही. पक्ष्याचा लेयर उचलायचा, उभा उलटवायचा, खाली जोडायचा, थोडा रिपल फिल्टर मारायचा, ओपॅसिटी जराशी उतरवायची, झालं. 2020 साली फोटोशॉपमध्ये एका क्लिकवर आभाळ बदलण्याची सोय आली आणि दुसरा रोग पसरला: वर केशरी संध्याकाळ, खाली पाण्यात मात्र अजून सकाळचं राखाडी मळभ, कारण आभाळ बदलणाऱ्याला पाण्यातही आभाळ असतं याची आठवण राहिली नाही. उजनीकाठच्या भिगवणच्या रोहितांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, तर विचारूच नका. थोरला रोहित अंगाने बराचसा पांढरट असतो, त्याचा खरा रंग पंख उघडल्यावर दिसतो. धाकटा रोहित जास्त गुलाबी. पोरवयातले रोहित दोन्ही जातींत मळकट राखी, कारण तो गुलाबी रंग खाण्यातून, शेवाळातल्या आणि कोळंबीसारख्या जीवांतल्या रंगद्रव्यांतून हळूहळू अंगात उतरतो. सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढली की थोरला-धाकटा, पोर-प्रौढ असा सगळा थवा बर्फाच्या गोळ्यावरच्या सरबतात बुडून निघतो. बाकीच्या प्रवाहांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. मासा चोचीत धरलेला कवड्या धीवर आता एक शासकीय मुद्रा झाला आहे. सूर्याच्या तबकडीतला काळा बगळा लग्नपत्रिकेला बरा. एआयच्या पक्ष्यांना पाणी कधी लागलंच नव्हतं. त्यांच्याविषयी एवढं पुरे.

लिहावं असं काही घडतं आहे ते दुसरीकडे, आणि तेही एडिटिंगच्याच वाटेने. काही छायाचित्रकारांना उमगलं आहे की गुळगुळीत आरसा ही पाण्याची सगळ्यात गरीब अवस्था. वाऱ्याची झुळूक आली की पाण्याची प्रत्येक छोटी लाट स्वतंत्र कोनात कलते, म्हणजे प्रत्येक उतार एक वेगळा आरसा होतो, आणि पक्षी त्या शेकडो आरशांत तुकड्यातुकड्यांनी वाटला जातो. हे तुकडे मुख्यतः पाहणाऱ्याच्या दिशेने, उभे ताणले जातात. त्यामुळे पाणकावळ्याची मान पाण्यात सुट्या काळ्या वेटोळ्यांची माळ होते. चित्रबलाकाच्या पिवळ्या चोचीची दहा-बारा पिवळ्या चंद्रकोरी होतात, आणि त्यांतली एखादी पक्ष्यापासून हातभर दूर, एकटीच तरंगत असते. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवलं तर या चंद्रकोरी काचेच्या तुकड्यांसारख्या गोठतात. पंधराव्या भागावर आणलं तर ओल्या कागदावर रंग उतरावा तशा वितळतात. हे छायाचित्रकार नंतर संगणकावर बसतात तेव्हा काही चिकटवत नाहीत, काढून टाकतात. रंग काढून कृष्णधवल करतात, वरचा पक्षी कापून फक्त पाण्यातला ठेवतात. काही जण अख्खा फोटो उलटा टांगतात. ही शेवटची युक्ती साधी दिसते पण फार दूर जाते. प्रथम पक्षी सरळच वाटतो, फक्त जरा थरथरता; मग तो ज्यावर उभा आहे ती जमीन नाही हे ध्यानात येतं; मग नजर खाली घसरते आणि खरा पक्षी तिथे, छताला लटकलेल्या वटवाघळासारखा, पायांनी वरच्याला चिकटलेला दिसतो. एक ठिपकाही न वाढवता पाहणाऱ्याचा ‘वर’ नि ‘खाली’ बदलला. संपादनाला सर्जनशील म्हणायचं तर या अर्थाने म्हणावं.

या वाटेला पूर्वज आहेत. एत्येन-ज्यूल मारे यांनी 1882 मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला, सेकंदाला बारा चित्रं घेणारा, आणि उडत्या पक्ष्याच्या एकामागून एक अवस्था एकाच प्लेटवर आणून ठेवल्या. आजच्या काळात बार्सिलोनाचे छावी बोऊ यांची ‘ऑर्निथोग्राफीज’ ही मालिका तेच काम डिजिटल तंत्राने करते: शेकडो फ्रेम एकमेकींत मिसळून थव्याच्या उडण्याचा माग आभाळावर रेघेसारखा उमटतो. संपादन म्हणाल तर याहून जास्त संपादन क्वचितच कुठे असेल. पण यातला प्रत्येक ठसा त्या-त्या क्षणी पक्षी जिथे होता तिथला आहे, आणि डोळ्याला न दिसणारी गोष्ट संपादनामुळे दिसू लागते. आपल्याकडे एम. कृष्णन यांच्या कृष्णधवल चित्रांनी रंगाची उणीव कधी भासू दिली नाही, हेही रंगाची पट्टी ओढणाऱ्यांनी आठवावं. तेव्हा प्रश्न किती बदल केला याचा नाही. बदलातून दिसणं वाढलं की घटलं, एवढाच आहे.

यावर तीन आक्षेप ठरलेले. पहिला: डार्करूममध्येही सगळे हेच करत होते. करत होतेच. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी 1941 च्या ‘मूनराइज’ या छायाचित्राचं आभाळ पुढच्या दशकांतल्या प्रिंटांमध्ये गडद गडद करत नेलं. पण त्यांनी चंद्र दुसरीकडून आणून लावला नाही. उलट बाजूचा दाखला आर्ट वुल्फ यांच्या 1994 च्या ‘मायग्रेशन्स’ या पुस्तकाचा. कळपांतल्या मोकळ्या जागा डिजिटल नकलांनी भरल्याचं पुस्तकात मान्य केलेलं असूनही गदारोळ झाला. मला तिथला नैतिक वाद दुय्यम वाटतो. एका प्राण्याच्या जागी त्याचीच प्रत ठेवली की कळपातली माहिती वाढत नाही, फक्त संख्या वाढते, आणि नजर हे फार लवकर ओळखते. दुसरा आक्षेप चित्रकारांचा दाखला देतो: राजा रविवर्म्याच्या दमयंतीसमोरच्या हंसाला पक्षिशास्त्र कुणी विचारलं होतं? बरोबर, कारण तो हंस दमयंतीच्या गोष्टीतला आहे. फोटोखाली मात्र ‘शेकाट्या, उजनी जलाशय’ असं लिहिलेलं असतं. मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोशा’त लोकांच्या तोंडची नावं गोळा केली ती जाती एकमेकींपासून वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून; ते नाव चित्राखाली लावलं की ओळखीच्या खुणांची जबाबदारी आलीच. ज्याला ती नको, त्याने नाव काढावं, गाव काढावं, मग त्याच्याशी रंग-रेषांच्या मापाने भांडता येईल. तिसरा आक्षेप सांगतो की स्पर्धांचे नियम हे सगळं सोडवतात: निसर्ग विभागात काही घालायचं नाही, काढायचं नाही, आणि हवं ते करायला वेगळा विभाग आहे. नियम चुकीचे नाहीत. पण त्यांनी कल्पकतेची अशी वाटणी करून टाकली की एका खोलीत निर्दोष, एकसारखे, आरशातले पक्षी आणि दुसऱ्या खोलीत मोकाट नकला. तुटलेल्या प्रतिबिंबाला या दोन्ही खोल्यांत जागा नाही. निसर्गवाल्यांना त्यात पक्षी पुरेसा दिसत नाही, क्रिएटिव्हवाल्यांना त्यात काही केलेलं दिसत नाही.

आता तंत्राच्या पलीकडचं. उजनीचं पाणी बहुतेक फोटोंत निळं असतं. प्रत्यक्षात ते वर्षातले कितीतरी महिने हिरवं असतं, काठाला तर रंगाच्या डब्यासारखं दाट. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून या जलाशयात उतरतं, त्यावर शेवाळ माजतं. शेवाळाच्या थरावर पडलेलं रोहिताचं प्रतिबिंब गुलाबी नसतं; ते मातकट, कधी जवळजवळ जांभळं असतं, कडांना विरजलेलं. तो रंग मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही संपादित निळ्यापेक्षा चमत्कारिक आणि चित्र म्हणून अधिक ताकदीचा आहे. ठाणे खाडीला 2015 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 साली रामसर स्थळाचा. तिथल्या रोहितांच्या मागे नवी मुंबईच्या इमारती उभ्या आहेत, आणि ओहोटीच्या चिखलावर उरलेल्या पाण्याच्या पातळ थरात त्या इमारती रोहितांच्या पायांत उलट्या उभ्या राहतात. यापेक्षा या शहराचं नेमकं चित्र कुठल्या चित्रकाराला सुचलं असतं? आणि आमचे छायाचित्रकार क्लोन स्टॅम्प घेऊन आधी त्या इमारती पुसतात, मग पाण्यातल्या इमारती पुसतात, मग विजेच्या तारा, मग प्लास्टिक, आणि उरलेल्या कोऱ्या जागेत रोहिताची नक्कल उलटी करून बसवतात. एरवी पाणथळ जागा भराव घालून बुजवल्याबद्दल हीच मंडळी हळहळतात. संगणकावर त्यांनी केलेलं काम त्याच जातीचं आहे: मूळ पाणी काढून त्या जागी गुळगुळीत, फायदेशीर पृष्ठभाग टाकणं.

म्हणून परीक्षकांकडे माझं एकच मागणं आहे. पाणपक्ष्याचा फोटो समोर आला की खालचा अर्धा भाग आधी बघा. पक्ष्याचा डोळा लख्ख आहे की नाही ते मागाहून. तो हल्ली स्वयंचलित फोकसच सांभाळतो. खालच्या भागात पाण्याने स्वतःचं काही सांगितलं आहे का, वरच्या चित्रात नसलेली एखादी कड, एखादा रंग, एखादा तुकडा तिथे आहे का, एवढं शोधा. नसेल तर तो फोटो खालून कापून पासपोर्टच्या आकारात छापला तरी काही बिघडत नाही, आणि निम्मा कागदही वाचेल. शेकाट्याचं पोट पांढरं असतं. ज्या चित्रात पाणी असेल, त्यात ते दिसेल.