टीका फक्त दुसऱ्यावर

२०२३मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली, तेव्हा इथे जर्मनीत बसून आपण कपाळाला हात लावला. मीही लावला. पण राइनहार्ड युंकर आणि झीगफ्रीड शेरर यांचं 'एव्होलुत्सिओन: आइन क्रिटिशेस लेअरबुख' तुम्ही चाळलंय का? नावात 'टीकात्मक पाठ्यपुस्तक', आत निर्मितीवाद. शेरर म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक होते. २००२ साली या पुस्तकाला 'जर्मन शालेय पुस्तक पुरस्कार' मिळाला. नाव भारदस्त, देणारी संस्था खाजगी. शाळांसाठी सरकारमान्य पाठ्यपुस्तक हे नव्हेच. तरी २००७मध्ये हेस्सेनच्या शिक्षणमंत्री कारिन वोल्फ यांनी बायबलमधली निर्मिती जीवशास्त्राच्या तासाला चर्चेला घ्यावी असं सुचवलंच.

पुस्तक बाळबोध नाही, हे आधीच कबूल करतो. मांडणी नेटकी, भाषा संयत. म्हणून तर ते गंभीरपणे घ्यायचं. घोडा, गाढव, झेब्रा यांचा संकर होतो, म्हणून ते एकाच 'मूळ प्रकारा'तले, असं लेखक म्हणतात. प्रकाराच्या आत बदल त्यांना मान्य आहे, कुंपणाबाहेर नाही.

पण क जीवनसत्त्व बनवणारं जनुक माणसात मोडलेलं आहे, तसं चिंपांझीतही, आणि मोडतोडीच्या कित्येक खुणा अगदी त्याच जागी. दोन उत्तरपत्रिकांत त्याच ओळीवर तीच चूक सापडली, तर मास्तर काय म्हणायचे ते आठवा. उत्क्रांतीची ओळीओळीने उलटतपासणी घेणारे लेखक आपल्या कुंपणापाशी आले की एकदम मवाळ होतात. माझ्या विद्यार्थ्याने असा प्रबंध आणला असता तर मी परत पाठवला असता.