कँटाटातील ‘आपण’

योहान सेबास्टियन बाखच्या धार्मिक कँटाटा आज बहुधा सभागृहांत ऐकावयास मिळतात आणि स्वयंपूर्ण कलाकृती म्हणून गणल्या जातात. मूळ योजना निराळी होती. १७२३ मध्ये बाख लाइप्झिग येथे संगीतप्रमुख झाला. तेथे एकल गायन, वृंदगायन व वाद्यमेळ यांची ही बहुभागी रचना उपासनेत शुभवर्तमानाच्या वाचनानंतर व प्रवचनापूर्वी गायिली जाई. तिची छापील संहिताही उपासकांस उपलब्ध असे. म्हणजे ती चालू संवादातील एक उक्ती होती. तिला पुन्हा उपासनेत आणल्याने काय साधते, एवढाच येथे प्रश्न आहे.

उदाहरणादाखल २५ नोव्हेंबर १७३१ रोजी प्रथम गायिली गेलेली ‘वाखेट आउफ, रूफ्ट उन्स डी श्टिमे’ ही कँटाटा घेऊ. त्या दिवसाचे वाचन दहा कुमारिकांच्या दृष्टांताचे होते. फिलिप निकोलाय याच्या १५९९ मधील स्तोत्राची तीन कडवी हा रचनेचा कणा होय. शीर्षकातील ‘उन्स’ हे सर्वनाम मराठी अनुवादकास पेचात टाकते. श्रोत्यास सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्यास वगळणारे ‘आम्ही’ हा भेद जर्मन सर्वनामांत नाही. तो संदर्भाने ठरतो. सभागृहात रखवालदारांची हाक मंचावरील पात्रांपुरती राहते आणि अर्थ ‘आम्हाला’कडे झुकतो. दृष्टांत नुकताच ऐकलेल्या उपासकास मात्र ‘आपल्याला’ हाच अर्थ जाणवतो.

केवळ स्थान बदलल्याने अर्थ पालटत नाही, हा आक्षेप रास्त आहे. बॉस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये १९७० पासून रविवारच्या उपासनेत बाखच्या कँटाटा गाण्याचा उपक्रम सुरू झाला. अशा प्रयत्नांचे मोल निःसंशय मोठे आहे. तथापि जेथे जर्मन न जाणणाऱ्यांपुढे अनुवाद नसेल आणि वाचनाचा विषयही भलताच असेल, तेथे चर्चमध्येही मैफलच भरेल.

याउलट, पंचांगाचा काटेकोर आग्रहही निष्फळ ठरतो. ही कँटाटा त्रैक्य रविवारानंतरच्या २७ व्या रविवारासाठी आहे. ईस्टर फार लवकर आल्यासच तो रविवार येतो. बाखच्या लाइप्झिगमधील कारकिर्दीत तो १७३१ व १७४२ असा दोनदाच आला. तेव्हा तिथीचा आग्रह सोडता येईल, वाचनाचा सोडता येणार नाही. ज्या उक्तीला उत्तर म्हणून कँटाटा रचली गेली, ती उक्तीच कानी न पडल्यास ‘आपण’चे ‘आम्ही’ होण्यास विलंब लागत नाही.