मुलाची गाडी चालवणारा बाप

लष्करी पराक्रमाची गाणी मराठीत पुष्कळ आहेत. जवानाच्या बापाचे गाणे मात्र शोधावे लागते. माडगूळकरांचे 'जिंकू किंवा मरू' ('छोटा जवान', १९६३) आजही स्फुरण देते, पण तो समूहाचा घोष आहे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे आपल्या बुलढाणा जिल्ह्याने मलकापूरचे संजय राजपूत आणि चोरपांग्र्याचे नितीन राठोड हे दोन जवान गमावले. चोरपांग्रा लोणार तालुक्यात. घोष ओसरल्यावर अशा घरात जे उरते, त्याला वाचा फोडणारे एक गीत अमेरिकेतील 'कंट्री' या ग्रामीण संगीतपरंपरेत आहे: ली ब्राइस यांनी २०१२ मध्ये गायिलेले 'आय ड्राइव्ह युअर ट्रक'.

सार्जंट जेरेड मॉन्टी २१ जून २००६ रोजी अफगाणिस्तानात जखमी सहकाऱ्यास आणण्याचा तिसरा प्रयत्न करताना धारातीर्थी पडले. २००९ मध्ये त्यांना 'मेडल ऑफ ऑनर' हा सर्वोच्च सन्मान मरणोत्तर मिळाला. वडील पॉल मॉन्टी यांनी मुलाची गाडी (आपल्याकडे जिला 'पिकअप' म्हणतात तशी) विकली नाही. ते स्वतः ती चालवीत राहिले. नभोवाणीवरील त्यांची मुलाखत गीतकार कॉनी हॅरिंग्टन यांनी ऐकली आणि दोन सहकाऱ्यांसह हे गीत रचले.

गीतात ना रणांगण आहे, ना जयजयकार. गाडीत पडलेली सुटी नाणी, मळकी टोपी, अर्धवट उरलेली पेयाची बाटली, एवढाच ऐवज. या गीताचे खरे बळ मला येथे दिसते. अबशालोम पडला तेव्हा दावीद राजा विजयाच्या दिवशी रडत बसला आणि सेनापती यवाबाने त्यास खडसावले. मेलेला पुत्र तर बंडखोर होता! यवाबाचे म्हणणे राज्यकारभाराच्या दृष्टीने चूक नव्हते. तरीही शमुवेलाच्या ग्रंथकाराने बापाचा आक्रोश गाळला नाही. आपली बहुतेक वीरगीते यवाबाच्या बाजूची आहेत.

दोष मात्र सांगितला पाहिजे. गीतातील निवेदक बाप नाही, तरुण भाऊ आहे, असे शब्दांवरून दिसते. त्यामुळे शेतातून भरधाव गाडी हाकण्याचा आवेश येतो आणि उतारवयातील बापाचे मुकेपण हरवते. शिवाय ध्वज व समाधीशिला यांपाशी आपणास मृताचा सहवास जाणवत नाही, असे निवेदक म्हणतो. दोन नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्ती लावणाऱ्या आपल्या कुटुंबांस हे खटकेल. गंमत अशी की खुद्द पॉल मॉन्टी यांनी, मुलाचे दफन जेथे झाले त्या मॅसॅच्युसेट्समधील लष्करी दफनभूमीत प्रत्येक सैनिकाच्या समाधीवर ध्वज लावता यावा म्हणून पाठपुरावा केला, आणि स्वयंसेवकांसह ते ध्वज लावलेही. हा बाप गीतात कोठेच नाही.