गुरूसारखे न दिसणे

कर्नाळ्याच्या सुळक्याचे चित्र काढायला बसणारे बहुतेक जण आधी सुळकाच काढतात. विसाव्या वर्षी मीही तेच केले. मुंबई-गोवा रस्त्यावरून दिसणारा तो अंगठा कागदाच्या मधोमध उभा केला. शेजारी बसून चित्र काढणारे आमचे सर एवढेच म्हणाले, "सुळका राहू दे. त्याच्या दोन्ही बाजूंचे आकाश काढ." नव्या कागदावर आकाश काढले, सुळका आपोआप उरला.

पुढे सहा वर्षे मी हुबेहूब सरांसारखी जलरंगचित्रे काढली. लोक कौतुक करीत. त्या कौतुकातच माझी चित्रकला संपली होती, हे फार उशिरा कळले आणि मी लिहू लागलो.

चित्रकलेतल्या गुरुशिष्यांविषयी लिहिताना आपली समीक्षा गाण्यातली घराणी डोक्यात ठेवून बसते. शिष्याच्या गळ्यात गुरूची तान ओळखू यावी, हा तिथला मान. तोच निकष चित्राला लावून आपण 'अमक्याची छाप' शोधत राहतो. शंकर पळशीकरांपाशी हा निकष लंगडा पडतो. जे. जे. मध्ये त्यांनी अनेक वर्षे शिकवले, १९६८ ते १९७५ या काळात ते अधिष्ठाता होते. वासुदेव गायतोंडे आणि प्रभाकर कोलते हे दोघेही त्यांचे विद्यार्थी. एक १९४८ चा पदविकाधारक, दुसरा १९६८ चा. पळशीकरांचा व्यक्तिचित्रणातला हात पक्का होता, पण या दोघांच्या प्रगल्भ चित्रांत माणसाची आकृतीच नाही. गायतोंडे रोलरने आणि सुरीने रंग चढवीत, काढीत. कोलत्यांचेही थरच, पण त्यांची घडण आणि ताल वेगळा. सुरुवातीला दोघेही पॉल क्लेकडे ओढले गेले होते. विद्यार्थी दुसऱ्याच्या चित्रात रमला तरी पळशीकरांना त्याचे वावडे नसावे, असे मी यावरून समजतो.

अर्थात, ज्याचे त्याचे श्रेय वर्गात शिकवणाऱ्याला देऊन टाकण्याची घाई मला मान्य नाही. कर्नाळ्याहून पुढे वडखळला उजवीकडे वळले की अलिबाग, आणि त्यापलीकडे प्रभाकर बरव्यांचे नागाव. बरवे पन्नाशीच्या दशकात जे. जे. मध्ये शिकत होते, तेव्हा पळशीकर तिथे होतेच. पण बरव्यांना खरे वळण लागले ते १९६१ नंतर, वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी करताना, तंत्रकलेच्या सहवासात. ते श्रेय वाराणसीचे. तरीही त्यांची घड्याळे, पाने, पेट्या ज्या मोकळ्या जागेत तरंगतात, ती जागा मला वस्तूंइतकीच विचारपूर्वक रंगवलेली दिसते. १९९० च्या त्यांच्या पुस्तकाचे नावही 'कोरा कॅनव्हास'.

पळशीकरांची स्वतःची चित्रे आज त्यांच्या शिष्यांच्या चित्रांइतकी पाहिली जात नाहीत. चांगल्या शिक्षकाला ही किंमत मोजावी लागते, असे म्हणून आपण सुटतो. मला ती आपल्या समीक्षेची हयगय वाटते.

कर्नाळ्याचा तो दुसरा कागद मी जपून ठेवला आहे. आकाश फिकटले आहे. सुळक्याच्या जागी नुसता कागद, तो आता पिवळा पडला आहे.