दिसायला धडधाकट : डीफोची प्लेगची कादंबरी

दिवाळी अंकात प्लेगविषयी लिहायला घेतले म्हणून वाचकांनी रागावू नये. पुढ्यात चकल्या-करंज्यांचे ताट असताना मरीची गोष्ट कोणाला गोड लागणार? पण हे पुस्तक माझ्या मनात एका दिवाळीलाच चिकटून बसले आहे, त्याला माझा इलाज नाही.

डॅनिअल डीफो हे नाव आपल्याला ‘रॉबिन्सन क्रूसो’मुळे ओळखीचे. त्यानेच 1722 मध्ये ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’ हे पुस्तक लिहिले. विषय 1665 चा लंडनचा प्लेग. त्या साली डीफो जेमतेम पाच वर्षांचा. तेव्हा ही आठवणींची वही नव्हे, कादंबरीच. पण एका खोगीरवाल्याच्या तोंडी कथा घालून, मृत्यूंचे तक्ते आणि सरकारी हुकूम मध्ये पेरून त्याने ती अशी रचली की पुष्कळांनी ती खरी रोजनिशीच मानली. माझे इंग्रजी बेताचे. शब्दकोश उशाशी ठेवून दोन महिन्यांत मी ती संपवली.

हुकूम असा की, ज्या घरात रोगी सापडेल त्याच्या दारावर फूटभर तांबडी फुली काढावी, घरच्या सगळ्यांना आत कोंडावे आणि रात्रंदिवस पहारा ठेवावा. रोगी शोधायला तपासनीस नेमलेले. खोगीरवाल्यावरही ती पाळी येते; तीन आठवड्यांच्या आत तो पैसे देऊन बदली माणूस उभा करतो आणि सुटतो. भित्रा तो आहेच. पण कामाची निरर्थकताही त्याला कळली आहे. घरात रोग आहे हे तपासनिसाला समजेपर्यंत तो दुसऱ्या घरी पोचलेला असतो. कोंडण्याच्या भीतीने लोक रोगी लपवतात. 1897 साली पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरांच्या झडत्या घेतल्या, तेव्हा आपल्याकडेही हेच झाले. शिवाय रोग देणारे सगळेच अंथरुणावर नसतात. कित्येक चालते-बोलते, दिसायला धडधाकट आणि स्वतःला निरोगी समजणारे असतात.

मग अशांना ओळखावे कसे? इथे डीफोची लेखणी मिस्कील होते. एक डॉक्टर म्हणतो, श्वासाच्या वासावरून कळेल. पण नाक पुढे कोण करणार? दुसरा विद्वान म्हणतो, अशाचा श्वास लागला की कोंबडी मरते, नाही मेली तर तिची अंडी नासतात. कोणी कोमट पाण्यावर फुंकर मारायला सांगतो. एका गृहस्थाच्या पायाची जखम रोगी जवळ आला की ठणकते, आणि तो बैठकीतून उठून सर्वांना सावध करतो. आपण हसतो. मग ध्यानात येते की, ही सारी धडपड त्या काळी नसलेल्या एका चाचणीसाठी आहे.

ती चाचणी आपल्यापाशी होती. 2020 च्या फेब्रुवारीत इटलीतल्या व्हो या गावी बहुतेक सर्व गावकऱ्यांना तपासले, तर करोना सापडलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिकांना एकही लक्षण नव्हते. तरी त्याच साली 24 ऑगस्टला अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने सांगितले की, रोग्याच्या सहवासात आलेल्याला लक्षणे नसतील तर त्याला तपासलेच पाहिजे असे नाही. टीका झाली आणि 18 सप्टेंबरला ते मागे घेतले. खोगीरवाल्याने कपाळाला हात लावला असता!

अर्थात डीफोची बाजू फार ताणू नये. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो; त्याचा तर्क प्लेगला पुरता लागू पडत नाही, करोनाला पडतो. वाङ्मय म्हणून माझी तक्रार निराळी आहे. लेकरांचे मुके घेता घेता आठ-पंधरा दिवस आपणच त्यांना मरण देत होतो, असा एक बाप डीफो परिच्छेदभर आणतो आणि सोडून देतो. त्याला नाव नाही, तोंडी शब्द नाही. हजारोंचे हिशेब ठेवणारा लेखक नेमक्या या दारापुढे न थांबता पुढच्या गल्लीत जातो.

2020 च्या सप्टेंबरात आम्हा शिक्षकांनाही घरोघर धाडले होते. कपाळापुढे तापमापक धरायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, वहीत ‘ठीक’ लिहायचे. “ताप नाही हो, गुरुजी,” म्हणून लोक दार लावून घेत. नोव्हेंबरात भाऊबीजेला धाकट्या बहिणीकडे गेलो. मला ना ताप, ना खोकला. तिच्या सासूबाईंच्या पाया पडलो. त्यांनी आपल्या हाताने मला अनारसा भरवला. वर्ग उघडायचे म्हणून दोन दिवसांनी शिक्षकांची चाचणी झाली. मी पॉझिटिव्ह निघालो. पुढच्या आठवड्यात सासूबाई आजारी पडल्या आणि डिसेंबरात गेल्या. माझ्यामुळेच की दुसऱ्या कोणामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही. बहीण म्हणाली, “दादा, तुला कुठं ठाऊक होतं?”

तेच तर. चाचणी चार दिवस आधी झाली असती तर ठाऊक असते. लक्षणे नसलेल्यांना तपासावे की नाही, हा वाद आकड्यांचा आणि खर्चाचा म्हणून चालतो. माझ्यापुरता तो त्या चार दिवसांचा आहे.

डीफोने सोडलेली त्या बापाची कादंबरी आपण लिहावी म्हणून मी तीनदा बसलो. भाऊबीजेच्या ताटापुढे लेखणी सरकत नाही. डीफो पुढच्या गल्लीत का गेला असेल, हे आता थोडे कळते. म्हणून तक्रार मागे घेतो. पुस्तक मात्र वाचकांनी जरूर वाचावे. फराळ आटोपल्यावर.